शेगडीची आच आणि कढईतले तेल
मांस-मासळीच्या धंद्यातील नफा नेमका कोठे गळतो?

खाद्यपदार्थांचा धंदा हा आपल्यातील अनेक कुटुंबांच्या उपजीविकेचा आधार आहे. मोहल्ल्याच्या नाक्यावरची कबाबची शेगडी, बसस्थानकाजवळची खानावळ, कोकणातील बंदरावरची तळलेल्या मासळीची गाडी, लग्नाच्या देगा उतरवणारे बावर्ची आणि रमजानमध्ये महिनाभरासाठी मांडलेली दुकाने, या सर्वांचे भांडवल थोडे व मेहनत फार. या धंद्यात उतरणारा माणूस मसाल्याकडे सर्वात जास्त लक्ष देतो. मसाला वडिलांकडून किंवा उस्तादाकडून आलेला असतो आणि तो जिवापाड जपला जातो. परंतु आच किती द्यायची आणि तेल कोणते व किती दिवस वापरायचे, हे मात्र बहुतेक ठिकाणी अंदाजावर सोडलेले आढळते. गिऱ्हाईक तुटते ते बहुधा येथेच, मसाल्यामुळे नव्हे. मांस चिवट लागले, मासळी तेलकट निघाली, खाल्ल्यावर घसा धरला किंवा पोट बिघडले, तर तो पुन्हा येत नाही आणि का आला नाही हे सांगतही नाही.

म्हणून आच व तेल या दोन गोष्टींचा व्यवहारी विचार या लेखात करावयाचा आहे.

आच म्हणजे मोठा जाळ नव्हे

मांसात सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते. आच लागली की मांसातील प्रथिने आक्रसतात आणि हे पाणी बाहेर पडू लागते. साधारण 50 अंश सेल्सिअसपासून ही क्रिया सुरू होते आणि 65 ते 70 अंशांच्या पुढे मांस झपाट्याने कोरडे पडते. याच्या उलट, स्नायूंना बांधून ठेवणारे जे चिवट पांढरे धागे व पडदे असतात, ते 70 अंशांच्या पुढे हळूहळू विरघळून चिकट रसात बदलतात. त्याला तास न् तास लागतात. पायाच्या रश्श्याने ओठ चिकटतात ते याच रसामुळे.

म्हणजे एकाच आचेने मांसाचा एक भाग कडक होतो आणि दुसरा मऊ. कोणत्या तुकड्यात कोणता भाग जास्त आहे, हे ओळखून रीत निवडणे हेच खरे कसब होय. ज्या जनावराचा जो भाग जास्त राबतो, त्यात चिवट धागे जास्त. पाय, नल्ली, गर्दन, सीना हे राबणारे भाग. चाप आणि पाठीचा भाग कमी राबणारे. कोवळ्या बकऱ्याचे मांस लवकर शिजते. जून जनावराचे आणि म्हशीचे मांस वेळ मागते.

पाण्यात किंवा रश्श्यात मांस शिजत असेल, तेव्हा जाळ कितीही वाढवला तरी उकळी 100 अंशांच्या आसपासच राहते. खळखळ उकळल्याने मांस लवकर शिजत नाही, फक्त पाणी आटते, तुकडे तुटतात आणि गॅस किंवा लाकूड वाया जाते. नुसती बुडबुडे सोडणारी मंद उकळी पुरेशी असते. घाई असेल तर प्रेशर कुकर वापरावा. त्यात तापमान 120 अंशांच्या जवळ जाते आणि वेळ निम्म्याहून कमी लागतो. मात्र चाप किंवा कोवळे मांस कुकरात घातले तर त्याचा चोथा होतो.

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे जुन्या औरंगाबादच्या नान-खलियाचे उदाहरण घ्या. मुहम्मद तुघलकाने 14 व्या शतकात राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा त्याच्या फौजेसाठी हा पदार्थ तयार झाला, असे सांगितले जाते. कथेचा भाग सोडला तरी एवढे खरे की तो मोठ्या देगेत, मोठ्या जमावासाठी शिजवायचा पदार्थ आहे. स्वस्त, राबणाऱ्या भागाचे मांस मोठ्या देगेत मंद आचेवर दीर्घकाळ ठेवले की ते महागड्या मांसापेक्षा रुचकर लागते. निहारी आणि पाया यांचेही तेच. ज्याच्याजवळ पैसा कमी आणि वेळ जास्त, त्याने हीच रीत धरावी.

कबाब, तंदूर आणि कोळसा

कोरड्या आचेचे गणित वेगळे. मांसाच्या पृष्ठभागाला 140 अंशांच्या वर आच लागली की त्यावर तपकिरी रंग चढतो आणि तो सर्वांना ओळखीचा भाजल्याचा वास सुटतो. पाण्यात शिजवलेल्या मांसाला हा रंग येत नाही. म्हणूनच कोरम्यासाठी मांस आधी परतून मग रस्सा घालण्याची जुनी पद्धत आहे. परतताना पातेल्यात एकदम पाच किलो मांस ओतले तर पाणी सुटून ते उकडले जाते. थोडे थोडे करून परतावे.

कोळशावर भाजताना ज्वाळ नको, राखेने झाकलेला निखारा हवा. सीख कबाबाच्या खिम्यात साधारण पाचवा हिस्सा चरबी असली तर कबाब रसरशीत राहतो. पण ही चरबी निखाऱ्यावर टपकून जाळ उठला की कबाब वरून काळा आणि आत कच्चा राहतो. ज्वाळेने व धुराने काळ्या पडलेल्या मांसात आरोग्यास घातक द्रव्ये तयार होतात, हे संशोधनाने सिद्ध झाले आहे. जळालेला भाग कापून टाकावा आणि जाळ उठताच सीख बाजूला सरकवावी.

खिम्याबाबत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. अखंड तुकड्यात रोगजंतू बहुधा पृष्ठभागावर असतात आणि ते आचेने मरतात. खिमा करताना मात्र वरचे जंतू आतपर्यंत मिसळतात. म्हणून खिम्याचा कबाब आणि कोंबडी यांच्या मध्यभागी तापमान 75 अंशांपर्यंत गेलेच पाहिजे. सुईसारखे टोक असलेला थर्मामीटर आता काही शे रुपयांत मिळतो. तो मांसात खुपसला की दोन-चार क्षणांत आकडा दिसतो. कोंबडी शिजली की नाही हे पाहण्यासाठी तंगडी चिरून गिऱ्हाइकासमोर परत शेगडीवर टाकण्याची पाळी मग येत नाही.

कच्च्या पपईबद्दलही दोन शब्द. तिच्यातील पाचक द्रव्य मांसाचे धागे तोडते. फ्रीजमध्ये हे काम मंद चालते आणि शेगडीवर मांस तापू लागले की झपाट्याने होते. त्यामुळे रात्री नीट दिसणारे मांस भाजताना सळईवरून गळून पडते. जून मांसाला थोडी पपई लावावी. कोंबडीला ती लावण्याचे कारणच नाही, दही पुरेसे आहे.

आता रंगाविषयी. लाल कबाब गिऱ्हाइकाला ओढतो, म्हणून अनेक जण पुडीतला रंग घालतात. कर्नाटक शासनाने जून 2024 मध्ये कबाबांचे नमुने तपासून कोंबडी, मासळी व शाकाहारी कबाबांत कृत्रिम रंग वापरण्यास बंदी केली. महाराष्ट्रातील व्यापाऱ्यांनीही यातून बोध घ्यावा. ब्याडगी किंवा काश्मिरी मिरचीची भिजवून वाटलेली पेस्ट आणि नीट आच, एवढ्यावर पुरेसा रंग येतो.

मासळी : आच थोडी, वेळ त्याहून थोडा

मासळीत चिवट धागे अगदी कमी असतात आणि ते कमी तापमानालाच विरघळतात. म्हणून मासळीला मटणाचा नियम लावणे ही सर्वात मोठी चूक होय. तुकडा एक इंच जाड असेल तर त्याला एकूण सुमारे 10 मिनिटे पुरतात. कोळंबी तर दोन-तीन मिनिटांत होते, त्यापुढे ती रबरासारखी लागते. मध्यभागी 63 अंश झाले आणि मांस पारदर्शक न राहता पांढरे होऊन पाकळ्या सुटू लागल्या की मासा तयार झाला असे समजावे.

कोणत्या माशाला कोणती रीत, याचा अनुभव कोकणातील घराघरांत आहे. बांगडा स्वतःच तेलकट असतो. तो तव्यावर थोड्या तेलात किंवा निखाऱ्यावर उत्तम होतो, त्याला कढईभर तेलात बुडवण्याची गरज नाही. सुरमई आणि रावस यांचे तुकडे एकसारख्या जाडीचे कापावेत, म्हणजे एक कच्चा आणि एक कोरडा असे होत नाही. पापलेट अखंड तळायचे तर दोन्ही बाजूंना चिरा द्याव्यात. ओल्या बोंबलात पाणी फार. तो चिरून, वजनाखाली दाबून पाणी काढल्याशिवाय तळला तर कढईत तेल उडते, मासा तुटतो आणि तेलही बिघडते. लिंबू किंवा कोकमाचा आगळ लावून मासळी तासन् तास ठेवू नये. आंबटपणाने ती आचेविनाच शिजल्यासारखी होते व तळताना भुसभुशीत पडते. पंधरा-वीस मिनिटे पुरे.

येथे एक गंभीर इशारा दिला पाहिजे. बांगडा, सुरमई, कुपा अशा जातीची मासळी बर्फाविना उन्हात राहिली तर तिच्यात हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते. अशा मासळीने तोंड लाल होणे, अंगावर पित्त उठणे, डोके दुखणे, उलट्या होणे असे त्रास होतात. हे द्रव्य उकळून, तळून किंवा मसाला जास्त घालून जात नाही. बिघडलेला माल कढईत टाकून सुधारत नाही. होडीवरून दुकानापर्यंत बर्फ तुटू न देणे हाच उपाय. स्वस्तात मिळालेली मऊ पडलेली मासळी ही शेवटी सर्वात महाग पडते.

तेल कोणते घ्यावे?

प्रत्येक तेलाचे एक तापमान असते, ज्याच्या पुढे त्यातून धूर निघू लागतो. तेथून तेल तुटायला लागते. रिफाइंड शेंगदाणा, सूर्यफूल, सोयाबीन, राइस ब्रान आणि पामोलिन यांचा धूर साधारणपणे 230 अंशांच्या आसपास निघतो. तुपाचाही तेथेच किंवा थोडा पुढे. घाण्याचे न गाळलेले शेंगदाणा तेल मात्र 160 अंशांच्या सुमारासच धुरावते आणि घाण्याचे खोबरेल 180 च्या आत. लोण्याचा धूर त्याहूनही लवकर निघतो, म्हणून ते तळणाला नको, शेवटी वरून लावायला ठीक.

परंतु धुराचा आकडा हीच एकमेव कसोटी नव्हे. सूर्यफूल, सोयाबीन आणि करडई ही तेले घरच्या फोडणीला व भाजीला चांगली. ती पुन्हा पुन्हा तापवली की हवेशी संयोग होऊन लवकर बिघडतात. शेंगदाणा तेल त्यांच्यापेक्षा टिकते. पामोलिन तळणात जास्त टिकते व स्वस्तही पडते, पण त्यात संपृक्त स्निग्धांश बराच असल्याने रोजच्या आहारात ते भरपूर असणे हृदयाला हितकर नाही. खोबरेल दुसऱ्या तेलात मिसळून तळू नये, कढईत फेस चढतो. मोहरीचे तेल वापरणाऱ्यांनी ते आधी धूर येईपर्यंत तापवून, थंड होऊ देऊन मग वापरण्याची पद्धत पाळावी, म्हणजे उग्रपणा जातो.

वनस्पती तूप व बेकरीतील घट्ट स्निग्धांशाबद्दल कायदा आता कडक आहे. 1 जानेवारी 2022 पासून त्यांत ट्रान्स फॅटचे प्रमाण 2 टक्क्यांहून जास्त असता कामा नये. सीलबंद, नावाचे व शिक्का असलेले डबे घ्यावेत. सुटे तेल दोन रुपये स्वस्त पडते म्हणून घेणे धोक्याचे आहे. 1998 साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांच्या तेलाची भेसळ झाली होती. त्यात साठाहून अधिक माणसे दगावली. विकणाऱ्यांपैकी अनेकांना आपण काय विकतो आहोत याची कल्पनाही नसेल, पण दगावलेली माणसे परत आली नाहीत.

कढईतले तेल : किती दिवस?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. संध्याकाळी दुकान बंद करताना कढईत उरलेले तेल तसेच ठेवायचे, सकाळी त्यात नवे तेल ओतायचे आणि पुन्हा कढई चढवायची, ही सर्वत्र दिसणारी रीत आहे. पूर्वी ती काटकसर वाटत असे. वास्तविक जुन्या तेलातील बिघाड नव्या तेलालाही लवकर बिघडवतो, म्हणजे नव्या डब्याचे पैसेही त्याबरोबर वाया जातात.

तेल बिघडते म्हणजे त्यात काही नवीन द्रव्ये तयार होऊन साचत जातात. त्यांचे एकूण प्रमाण मोजता येते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 1 जुलै 2018 पासून हे प्रमाण 25 टक्क्यांहून जास्त असलेले तेल वापरण्यास मनाई केली आहे. ज्या व्यवसायात दिवसाला 50 लिटरहून जास्त तेल तळणाला लागते, त्याने वापरलेल्या तेलाची नोंद ठेवणे 2019 पासून आवश्यक ठरले आहे. हे वापरलेले तेल गटारात ओतू नये आणि लहान गाड्यांना विकू तर मुळीच नये. 2018 मध्ये प्राधिकरणाने असे तेल गोळा करून त्यापासून बायोडिझेल करण्याची योजना सुरू केली. अधिकृत गोळा करणाऱ्याला ते दिले तर त्याचे पैसेही मिळतात.

ज्यांच्याजवळ मोजण्याचे यंत्र नाही त्यांनी डोळे व नाक वापरावे. तेल काळपट व दाट झाले, झाऱ्यावरून तारेसारखे ओघळू लागले, कढईच्या काठाला चिकट थर बसला, बारीक फेस येऊन तो मोडेनासा झाला, किंवा नेहमीच्या आचेवरच धूर येऊ लागला, तर ते तेल संपले असे समजावे. त्याला कांदा किंवा बटाटा तळून "साफ" करता येत नाही. तसे केल्याने वास थोडा झाकला जातो, तेल सुधारत नाही.

तेल जास्त टिकावे यासाठी पुढील गोष्टी कराव्यात :

1. तळणाचे तापमान 170 ते 180 अंशांत ठेवावे. हाडासकट कोंबडी 160 ते 165 अंशांवर जास्त वेळ तळावी, नाहीतर वरून करपते व आत लाल राहते.

2. एका वेळी थोडे तुकडे सोडावेत. कढई भरून टाकली की तेल थंड पडते आणि पदार्थ तेल पितो.

3. मासळी व मांस पुसून कोरडे करून सोडावे. पाणी, मीठ आणि मसाल्याचा चुरा हे तेलाचे शत्रू होत. मीठ तळल्यावर वरून टाकणे जमत असेल तर तसे करावे.

4. तळताना पडलेला चुरा झाऱ्याने वारंवार काढावा. दुकान बंद करताना तेल गाळून, झाकण असलेल्या स्टीलच्या डब्यात ठेवावे. लोखंडी, पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवले तर ते लवकर खराब होते.

5. गिऱ्हाईक नसेल तेव्हा आच कमी करावी. रिकामी कढई पेटत ठेवणे म्हणजे तेल जाळणेच.

6. मासळीची कढई वेगळी, कोंबडीची वेगळी. मासळीच्या तेलाचा वास दुसऱ्या पदार्थाला लागतो.

देग उतरल्यानंतर

लग्नकार्यातून होणाऱ्या विषबाधेचे एक मोठे कारण शिजल्यानंतरचा निष्काळजीपणा हे असते. काही जंतू उकळीतही बीजरूपाने जिवंत राहतात आणि अन्न कोमट होताच वाढू लागतात. 5 ते 60 अंश हा त्यांच्या वाढीचा पट्टा. म्हणून वाढायचे अन्न 60 अंशांच्या वर गरम ठेवावे. उरलेले कोरमा किंवा बिर्याणी देगेतच रात्रभर ठेवू नये. मोठी देग मध्यभागी पहाटेपर्यंत कोमट राहते. उथळ ताटांत पसरून थंड करावे व फ्रीजमध्ये ठेवावे. दुसऱ्या दिवशी खाताना नुसते कोमट न करता वाफ येईपर्यंत सर्वत्र गरम करावे, तेही एकदाच.

हिशेब मांडून पाहा

हे सर्व ऐकून एखादा व्यापारी म्हणेल, "तेल फेकायचे, थर्मामीटर घ्यायचा, कढया वाढवायच्या, हे श्रीमंतांचे काम आहे." म्हणून साधा हिशेब करू.

समजा आपण दिवसाला 20 किलो मासळी तळता. तेल पुरेसे तापलेले नसल्यामुळे किलोमागे 50 ग्रॅम तेल जादा शोषले गेले. दिवसाला 1 किलो तेल गेले. महिन्यात 26 दिवस दुकान चालले आणि तेल 150 रुपये किलो धरले, तर 3,900 रुपये गेले. वर गिऱ्हाईक म्हणाला "तेलकट आहे" ते वेगळेच.

आता शेगडीचे पाहू. समजा दिवसाला 10 किलो मांस भाजता आणि जास्त आचेने ते नेहमीपेक्षा 5 टक्के अधिक आटले. अर्धा किलो मांस पाण्याच्या रूपाने हवेत गेले. ताट तेवढेच भरायचे तर तेवढे मांस जादा लागेल. 700 रुपये किलोच्या भावाने ते 350 रुपये रोज, म्हणजे महिन्याला 9,100 रुपये होतात. थर्मामीटरची किंमत दोन-तीन दिवसांत सुटते.

आकडे प्रत्येकाने आपल्या दुकानाचे घालावेत. पण एक आठवडा वहीत लिहून पाहावे : सकाळी किती तेल ओतले, किती माल तळला, रात्री किती तेल उरले, कच्चे मांस किती आणि शिजल्यावर किती. ज्याने हे लिहिले त्याला नफा कोठे गळतो हे कोणी सांगावे लागत नाही.

शेवटी एक गोष्ट पैशात मोजता येत नाही. तराजूचे माप गिऱ्हाईक डोळ्यांनी पाहू शकतो. कढईतले तेल किती दिवसांचे आहे हे त्याला दिसत नाही. तो आपल्यावर विश्वास ठेवून स्वतः खातो आणि पुडी बांधून मुलांसाठी घरी नेतो. हा विश्वास ही अमानत आहे. जे तेल आपण आपल्या मुलांच्या ताटात वाढणार नाही, ते दुसऱ्याच्या मुलांसाठी बांधून देऊ नये. माप पूर्ण देण्याइतकीच ही गोष्टही व्यापारातील सचोटीचा भाग आहे आणि धंद्यातील बरकतही तिच्यातच आहे.